मझार कोन शे?

काकांच्या घरी चटणी वाटायची म्हणजे एक सोहळाच असायचा. मिक्सर थांबला की काका हातातलं वर्तमानपत्र ठेवून उठायचे, प्लग भिंतीतून उपसायचे आणि हातात धरून उभे राहायचे. काकूंनी पात्याखालची चटणी बोटानं निपटून काढली, हात वर करून दाखवला, की मगच प्लग परत भिंतीत. भांडं मिक्सरवरून उतरवलेलं असलं तरीही.

"शेंगदाण्याच्या चटणीवर पहारा बसवलाय यांनी," काकू मला म्हणाल्या. "माहेरी सांगितलं तर माझे भाऊ लोळून हसतात."

"हसू दे," काका म्हणाले. "दहा बोटं शाबूत ठेवून हसू दे."

मी त्या दिवशी त्यांच्याकडे गेले होते ते एक मढं शोधायला. होय, मढंच. असा माणूस उगाच असा होत नाही, याच्या मागे कुणीतरी मेलेलं असणार, अशी माझी खात्री होती. आम्हा पत्रकं काढणाऱ्यांना मेलेलं माणूस लागतं. त्याशिवाय आमचा मथळा उभा राहत नाही. मी दोनदा चहा प्यायले आणि तिसऱ्यांदा सरळच विचारलं, "काका, तुमच्या हातून कधी काही झालं होतं का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं गळका वाल्व्ह बघावा. "काय बी झालं नाय. कधीच झालं नाय. कुणी मरायलाच पायजे का माय, तवा अक्कल येती?"

नाशकात, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कांदा सुकवून त्याची पावडर करणारा एक कारखाना आहे. त्याचं नाव लिहीत नाही. तिथे काका देखभालीचे फोरमन होते. मी पॅकिंगला होते, ठेकेदाराच्या हजेरीवर, आणि सुट्टी झाली की गेटवर उभी राहून आमच्या संघटनेची पत्रकं वाटायचे. सुट्टीला बाहेर पडणारे लोक पत्रक घ्यायचे आणि त्यात वडापाव गुंडाळायचे. काका एकटेच वाचायचे. चष्मा कपाळावर चढवून, पहिल्या शब्दापासून छापखान्याच्या नावापर्यंत. मग विचारायचे, "हे 'यंत्राने बळी घेतला' कुणी लिवलं?"

"मी."

"यंत्र काय देवी हाये का बळी घ्यायला? बटण कुणी दाबलं ते लिव. बटणाला बोट लागतं."

त्या कारखान्याचं पोट म्हणजे बोगदा. एक लांबलचक लोखंडी पेटी, तिच्यात फिरणारा जाळीचा पट्टा, वरून गरम हवेचे पंखे. कापलेला कांदा एका टोकानं ओला शिरतो आणि दुसऱ्या टोकानं खडखडीत बाहेर पडतो. बाजूला गुडघ्याएवढ्या उंचीची चार दारं आहेत. जाळीला कांदा चिकटतो, जळतो, कोळसा होतो. तो खरवडायला मशीन बंद करून माणूस आत सरपटत जातो. माणूस म्हणजे बाई. बाई म्हणजे पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातून भात लावून झाल्यावर आलेली, अंगानं बारीक, ठेकेदाराची. कायम नोकरीतला माणूस आत जात नाही, कारण त्याचं पोट दारात अडकतं. यात विनोद नाही. सुरक्षेच्या तक्त्यावर हे लिहिलेलं नसतं, म्हणून इथे लिहिते.

आणि त्या बोगद्याच्या, कापणीच्या, धुलाईच्या, सगळ्याच्या मोटरी एकाच पॅनेलवरून चालू होतात. पॅनेल वीस पावलं लांब. तिथून बोगद्याची फक्त पाठ दिसते.

काकांचं म्हणणं असं होतं की चालू मशीन फारसं कुणाला खात नाही, कारण त्याला सगळे घाबरतात. बंद मशीनही खात नाही. खातं ते चालू होणारं आणि बंद होणारं. "दिवस बरा, रात बरी. वाईट असती ती तिन्हीसांज," ते म्हणायचे. "तवाच लेकरू दारात नेत नाय आपण, तवाच निजत नाय. मशीनचीबी तिन्हीसांज असती. त्या टायमाला सगळ्यांनी जागं राह्यचं." आणि मशीन बंद झालं म्हणून लगेच कुणी हात घातला की ओरडायचे, "अरे, निजलीये ती, मेली नाय! पंख्याचा दम जाऊ दे. हवा मोकळी कर. मग शिर."

पॅनेलच्या मोठ्या दांड्याला त्यांनी भंगारातल्या पत्र्याची एक पट्टी बसवली होती, सहा भोकांची. दांडा खाली ओढायचा, पट्टी लावायची, आणि आत जाणाऱ्या प्रत्येकानं आपापलं कुलूप एकेका भोकात घालायचं. किल्ली ज्याची त्याच्या अंगावर. एक जरी कुलूप राहिलं तरी दांडा वर जात नाही. कंपनीनं कुलपं दिली नाहीत. 'विचाराधीन आहे' म्हणून कळवलं. मग ज्यानं-त्यानं घरून आणली. सायकलीचं, ट्रंकेचं, एकाचं तर कबुतरांच्या खुराड्याचं. यमुनाचं सगळ्यांत मोठं, मुठीएवढं, गावाकडच्या कणगीच्या खोलीचं. नवं कुलूप आलं की काका विचारायचे, "किल्ल्या किती?" दोन असल्या तर दुसरी किल्ली सगळ्यांसमोर ग्राइंडरला लावून तिचं पीठ करायचे. लोक हळहळायचे. "दुसरी किल्ली म्हणजे दुसऱ्याची अक्कल," काका म्हणायचे. "तुझा जीव एक, किल्ली एक."

कुलपं लागली की ते स्वतः हिरवं बटण दाबायचे. मशीन हललं नाही की गालातल्या गालात हसायचे, पोरानं पाढा बरोबर म्हटल्यासारखे. लाल दिव्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "दिवा सांगतो बंद हाये. ते दिव्याचं मत झालं."

आणि चालू करायच्या आधी ती आरोळी. काका मूळचे देवळ्याकडचे, घरात अहिराणी. एरवी आमच्याशी आमच्यासारखं बोलायचे, पण मशीनशी मात्र घरच्या बोलीत. कपडे धुवायची लाकडी मोगरी घेऊन बोगद्याच्या पत्र्यावर तीन ठोके द्यायचे, दाराशी वाकायचे आणि ओरडायचे, "मझार कोन शे?" आत कोण आहे? मग पत्र्याला कान लावून उभे राहायचे. किती वेळ! पहिल्या दाराशी, मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. पाळीचे सुपरवायझर घड्याळ दाखवायचे. नवे साहेब तर हसायचेच, "फोरमन, आतून 'मैं हूँ' असं उत्तर आलं का?"

"आलं नाय म्हणूनच थांबलोय. घाबरलेल्या माणसाला जीभ सापडायला टाइम लागतो, साहेब."

आता खंडेनवमीचं सांगते. नाशकातल्या कुठल्याही कारखान्यात जा, दसऱ्याच्या आदल्या दिवशी मशीन बंद असतं, धुतलेलं असतं, त्याला हळद-कुंकू आणि झेंडूची माळ असते. पान्यांची, हातोड्यांची पूजा होते. मला त्याच्याशी भांडण नाही. माझं भांडण शेवटच्या पाच मिनिटांशी आहे. नारळ फुटला की मुहूर्तावर मशीन शकुनाला एक मिनिट फिरवतात. म्हणजे वर्षातून एकदा मशीन अशा वेळी चालू होतं, जेव्हा सगळे नव्या कपड्यांत, सगळ्यांचं लक्ष प्रसादाकडे, साफसफाई अगदी शेवटच्या क्षणापर्यंत चाललेली, आणि कोण कुठे आहे याचा कुणालाच पत्ता नाही. काकांच्या भाषेत, भर तिन्हीसांज. आणि बटण दाबायला मालक. ज्यांनी ते बटण उरलेलं वर्षभर पाहिलेलंही नसतं.

त्या नवमीला पंचवटीतून गुरुजी आले होते. मुहूर्त पावणेबाराचा. साडेअकराला काका पॅनेलपाशी गेले. पाच कुलपं लोकांनी काढून नेली होती. सहावं तसंच लटकत होतं. मुठीएवढं. यमुनाचं.

"यमुना कुठाय?"

कुणाला ठाऊक नव्हतं. एक म्हणाली कँटीनला पाहिली, दुसरी म्हणाली सकाळपासून बोगद्यातच होती. काकांनी मोगरी घेतली. तीन ठोके. "मझार कोन शे?" चारही दारांशी. उत्तर नाही. सनईची कॅसेट मोठ्यानं चालली होती, ती त्यांनी बंद करायला लावली. पुन्हा ठोके. पुन्हा काही नाही.

साहेब आले. पांढराशुभ्र झब्बा, कपाळाला गंध. "फोरमन, कोणी नाही आत. कुलूप तोडा."

"ज्याचं कुलूप त्याची किल्ली, साहेब."

"उत्तर आलं नाही ना? म्हणजे नाही कोणी."

"बेशुद्ध माणूस उत्तर देतो का?"

मालक पाटाशेजारी उभे, गुरुजी घड्याळ बघतायत, दोनशे माणसं हातात पेढा धरून. साहेबांनी इलेक्ट्रिशियन रफिकला हाक मारली, ग्राइंडर आण, कुलूप काप. काका दांड्याला पाठ लावून उभे राहिले. उंचीनं माझ्याएवढे, म्हणजे फार नाहीत.

"कापा," ते म्हणाले. "पण आधी एका कागदावर लिवा, आत कोणी नाय, मी सोता पाह्यलं. खाली सही. हे घ्या टॉर्च. चार दारं हायेत, चारी दारांशी वाका, बघा, सही करा, आन् कापा. मी बाजूला होतो."

बोगद्याच्या दारातून कांद्याची काजळी टपकत होती. साहेबांनी आपल्या झब्ब्याकडे पाहिलं. खरंच पाहिलं, मी तिथे होते. मग म्हणाले, "मी काय सांगतो ते ऐकायचं की तू सांगतोस ते मी ऐकायचं? देवाचा मुहूर्त अडवून धरलायस तू!"

"देव थांबतो, साहेब. मोटर थांबत नाय."

पावणेबारा वाजले. बारा वाजले. कुणीच वाकलं नाही, कुणीच सही केली नाही, आणि रफिक ग्राइंडर आणायला जो गेला तो परत आलाच नाही. बाराच्या पुढे गेटमधून यमुना आली. हातात झेंडूची माळ, घामाघूम. नाक्यावरची फुलं संपली होती, म्हणून पुढच्या चौकापर्यंत चालत गेली होती.

"कुणी पाठवलं तुला?" सुपरवायझर तिच्यावर खेकसला.

तिनं बोट केलं. "या साहेबांनी. एक माळ कमी पडली म्हणले. ए, तू जा, म्हणले."

ज्या बाईला त्यांनी स्वतः बाहेर पाठवलं होतं, तिचं नाव यमुना आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. अर्धा तास सगळा कारखाना यमुना, यमुना म्हणून शोधत होता आणि ते शेजारी उभे होते.

यमुनानं पदराची गाठ सोडली, किल्ली काढली, कुलूप काढलं. गुरुजी पंचांग चाळून म्हणाले, "पुढचा मुहूर्त आहे की पाऊण तासानं. काही अडलेलं नाही." मुहूर्त होता, पण साहेबांची शान गेली होती, तीही मालकांसमोर. आठवड्याच्या आत काकांच्या हातात आरोपपत्र पडलं. शुभकार्यात अडथळा, वरिष्ठांचा हुकूम मोडणे. काकांच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते.

आता माझी चूक सांगते. आरोपपत्र आलं त्याच दिवशी मी पत्रक लिहिलं. मथळा असा, की बोगद्यात बाई असताना मशीन सुरू करण्याचा डाव, फोरमननं जीवावर उदार होऊन वाचवले प्राण. यमुना आत नव्हती हे मला माहीत होतं. ती माळ घेऊन येताना मी डोळ्यांनी पाहिली होती. पण रिकाम्या बोगद्यासाठी कोण पत्रक वाचतं? काकांची नोकरी वाचवायची होती, आणि त्यासाठी आत बाई हवी होती. म्हणून मी ती आत घातली.

दुसऱ्या दिवशी काका गेटवर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. पत्रक चार घड्या घालून खिशात ठेवलेलं होतं.

"आत कोण होतं?"

"कुणी नाही. पण काका, असं लिहिलं तरच लोक तुमच्या बाजूनं उभे राहतील. ते तुम्हाला काढतील!"

"काढू दे." आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "ते न बघता मशीन चालू करतात. तू बघून खोटं छापलंस. तुझं जास्त वाईट." मग म्हणाले, "आन् माय, तुला समजलंच नाय. आत कोणी होतं म्हणून थांबलो असतो, तर त्यात काय? तवा तर साहेबबी थांबले असते. ठाऊक नव्हतं म्हणून थांबलो. रोज रिकाम्याच बोगद्यासाठी थांबायचं असतं. तेच तर काम हाये."

मी दुसरं पत्रक काढलं. आमच्या संघटनेतल्यांनी डोक्याला हात लावला. त्यात पहिलंच वाक्य होतं, कालच्या पत्रकातला मजकूर खोटा होता, तो मी लिहिला. दुसरं वाक्य, आत कोणी नव्हतं. तिसरं, पण हे बारा वाजेपर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि बटण पावणेबाराला दाबायचं होतं. बस, एवढंच. लोकांनी त्यात वडापाव गुंडाळला का? काहींनी गुंडाळला. पण बोगद्यातल्या बायकांनी ते वाचून घेतलं, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी दुसरीकडून, आणि यमुनानं घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवलं.

चौकशीतही काका तेच बोलले. चौकशी अधिकाऱ्यानं विचारलं, आत कोणी नव्हतं हे मान्य आहे? मान्य. म्हणजे तुम्ही विनाकारण थांबवलं? काका म्हणाले, "मग एकदा कारण घडल्यावर थांबवतो. चालंल?" हे उत्तर कागदावर घेतलं नाही. 'निरुत्तर' असं लिहिलं. त्या शब्दाचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

बडतर्फीचं पत्र भरदुपारी आलं. काका तेव्हा बोगद्याच्या पट्ट्याचा रूळ बदलायला आत शिरले होते. साहेबांनी शिपायाकरवी त्यांना बाहेर बोलावलं. काका सरपटत बाहेर आले, हात पुसले, चष्मा कपाळावर चढवला आणि पत्र उभ्या-उभ्या पूर्ण वाचलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत. सही केली. डबा घेतला. मोगरी यमुनाच्या हातात दिली. "ताबडतोब आवार सोडावे" असं पत्रात होतं, म्हणून त्यांनी ताबडतोब आवार सोडलं. साहेब स्वतः गेटपर्यंत मागे गेले, खात्री करायला.

पॅनेलवर त्यांचं कुलूप तसंच राहिलं.

मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, "इसरलो." आख्ख्या नोकरीत ज्यानं एकदाही कुलूप मागे सोडलं नाही तो माणूस चेहऱ्याची रेघ न हलवता मला 'इसरलो' म्हणाला, आणि काकू आतून फिसकन हसल्या. त्यांची केस कामगार न्यायालयात चालू आहे. तारखेला ते इस्त्रीचा शर्ट घालून जातात आणि निघताना अजूनही रिक्षा सुरू व्हायच्या आधी खाली वाकून बघतात. रिक्षावाले ओळखतात आता. "बघा काका, मांजर-बिंजर नाही ना," म्हणून वाट बघतात.

तर कुलूप. पट्टा जोडून झाला, कांद्याचे ट्रॅक्टर रांगेत उभे होते, धुतलेला कांदा पाण्यात फुगत होता, आणि दांडा वर जाईना. साहेब पॅनेलपाशी आले.

"रफिक, काप ते कुलूप."

रफिक ग्राइंडर हातात घेऊनच उभा होता. या वेळी पळाला नाही. "साहेब, काकांचं कुलूप आहे. काका आत असतील."

"अरे, त्याला मी आत्ता स्वतः गेटबाहेर काढला!"

"यमुनालाही तुम्हीच बाहेर पाठवलं होतं, साहेब."

मी पॅकिंगमधून धावत आले होते. मला काढायला त्यांना अजून कारण सापडायचं होतं, ते पुढच्या महिन्यात सापडलं. बोगद्याच्या बायका पॅनेलसमोर येऊन उभ्या राहिल्या होत्या. घोषणा नाही, काही नाही. यमुनानं सुपरवायझरच्या टेबलावरून एक कोरा कागद उचलला आणि टॉर्चसकट साहेबांपुढे धरला.

"काय आहे हे?"

"लिवून द्या. आत कोणी नाय, मी पाह्यलं. मग रफिकभाऊ कापतील."

साहेबांनी सुपरवायझरकडे पाहिलं. सुपरवायझर ट्रॅक्टरकडे बघत होता. साहेबांनी रफिककडे पाहिलं. रफिकनं ग्राइंडर खाली ठेवला. मग साहेबांनी टॉर्च घेतली, पँट गुडघ्याशी वर ओढली आणि पहिल्या दाराशी वाकले. डोकं आत घातलं. प्रकाश जाळीवर इकडून तिकडे फिरला. आम्ही बघत होतो. आत अंधार होता, पंख्याची पाती होती, आणि त्यांनाही, मला वाटतं, एकदम ठाऊक नव्हतं.

"आत कोण आहे?" ते म्हणाले. पत्र्यातून आवाज परत आला.

ते उठायला लागले, तशी यमुनानं मोगरी पत्र्यावर टेकवली. "थांबा, साहेब. लगेच नाय उठायचं. उत्तराची वाट बघायची."

साहेब थांबले. गुडघ्यावर, काजळीत.

आणखी तीन दारं बाकी होती.